दुसरं आडनाव

परलानं फाइल माझ्या टेबलावर टाकली आणि म्हणाली, "न्या निमिया, तुमच्या त्या तुर्काचं नाव खोडायचंय." पन्नाशी उलटल्यापासून कचेरीतल्या सगळ्या पोरी मला मानानं 'न्या' लावतात. तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या पाल्याच्या चहाचा, पेला तोंडाशी नेला होता तो तसाच राहिला. बर्फाचं पाणी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. "खोडायचं म्हणजे?" मी विचारलं. "अहो सबंध नाही, शेवटचं तेवढं. ओकाम्पोस. कंपनी विकून चाललाय ना तो त्याच्या देशाला. घेणाऱ्यांच्या वकिलांना हे आडनाव पासपोर्टावर कुठं सापडेना. दुरुस्तीचा दस्त करायचा. अकराला येतोय सहीला." मग ती थबकली, फाइलीकडं वाकून बघत म्हणाली, "अगंबाई! हे तर तुमचंच आडनाव. असं कसं हो?" मी म्हटलं, "आख्ख्या पाराग्वायात काय मी एकटीच ओकाम्पोस आहे का? दगड मारला तर ओकाम्पोसाला लागेल. जा, कोऱ्या पानांचा गठ्ठा आण." ती गेली. मी पेला खाली ठेवला. दुसरा भरलाच नाही.

चाललाय, हे मला परलाकडून कळावं. परला या कचेरीत येऊन तीन वर्षं झाली, तिचा काय दोष. पण मला जे लागलं ते त्याचं जाणं नव्हतं, हे मला लगेच कळलं, आणि कळलं म्हणून माझा मलाच राग आला. माणूस गेला तर जाऊ दे. कधीतरी जाणारच होता. पण जाता जाता ते नाव कशाला न्यायचं? ते त्याचं नव्हतंच. सोळा वर्षं नोंदवहीत, कर-कचेरीत, पालिकेत, बँकेत, नेजात सारिकाया ओकाम्पोस म्हणून जे कुणी वावरत होतं ते तो नव्हताच, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. सांगणार कुणाला? पंखा गरगरत होता, जानेवारीतला उकाडा, भिंतीवर मागच्या वर्षाचं कॅलेंडर तसंच लटकलेलं. दुरुस्तीच्या दस्ताचा मजकूर मला तोंडपाठ आहे. परकी माणसं, त्यांची नावं, आमच्या खिडक्यांवर होणाऱ्या चुका. असे दस्त मी डोळे मिटून लिहिते. 'सदर दुसरे आडनाव लिहिण्याच्या ओघात चुकून पडले असून, त्या आडनावाच्या कोणाही व्यक्तीशी अर्जदाराचे कसलेही नाते नाही.' एवढं टाइप केलं आणि माझी बोटं थांबली.

पहिल्यांदा आला तेव्हा डोन्या एमिल्से, म्हणजे आमच्या नोटरीबाई, आतून ओरडल्या होत्या, "निमिया, कोण आलंय बघ, तुर्क आहे म्हणतोय!" आमच्याकडं सगळ्या लेबनानवाल्यांना आणि सिरियावाल्यांना तुर्कच म्हणतात. कापड विकणारा तो तुर्क, भांडी विकणारा तोही तुर्क. हा मात्र खराखुरा तुर्क निघाला. इस्पार्ता नावाच्या गावचा, तीन पिढ्या गुलाबाचं अत्तर काढणाऱ्यांच्या घरातला. आमच्या रस्त्याकडेला कडू संत्र्यांची झाडं उभी असतात, त्यांची फळं कुणी खात नाही, पोरं एकमेकांना मारायला घेतात. त्या झाडांच्या पानांचं तेल काढायला हा माणूस अर्धी दुनिया ओलांडून आला होता. स्पॅनिश म्हणाल तर बाजारात भाव करण्यापुरती. मी त्याला तेरेरे दिला, त्यानं पिऊन पेला परत करताना मान झुकवून "आभारी आहे" म्हटलं. आमच्यात आभार मानले म्हणजे मला आता पुरे, पुढं देऊ नका. मग मी दिला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन आठवडे हा बिचारा चाळीस डिग्रीत बसून प्रत्येक पहिल्या पेल्याला आभार मानायचा आणि दुसरा का मिळत नाही म्हणून पेल्याकडं आशेनं बघत राहायचा. शेवटी मी सांगितलं तेव्हा कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "निमिया हानम, मला वाटलं तुम्हाला मी आवडत नाही." हानम म्हणजे बाईसाहेब. आडतिसाव्या वर्षी मला तोपर्यंत कुणी बाईसाहेब म्हटलं नव्हतं.

परक्या माणसानं आमच्या देशात कंपनी काढायची म्हणजे काय, हे ज्यानं काढलीय त्यालाच विचारावं. त्याचे कागद तुर्की भाषेतले. आख्ख्या असुन्सिओनात तुर्कीचा शपथेवरचा दुभाषी नाही. ते ब्वेनोस आइरेसला गेले, तिथून महिनाभरानं आले, आले तेव्हा त्यांच्यावरच्या एका शिक्क्याची मुदत संपलेली. परत गेले. पोलिसांचा दाखला, राहत्या घराचा दाखला, घरमालकिणीचा तो खरंच तिथं राहतो असा दाखला. मी त्याच्याबरोबर सगळ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. डोन्या एमिल्से म्हणायच्या, "तू नोकरी माझी करतेस की त्याची?" मी म्हणायचे, "तुमचीच, पण हा एकटा गेला तर खिडकीवरची माणसं याला उभा चिरतील." खरं होतं तेही. आणि ते तेवढंच खरं नव्हतं. रांगेत उभं राहून तो मला सांगायचा, गुलाब पहाटे, ऊन चढायच्या आत खुडतात. आई खुडायला गेली होती तेव्हाच त्याचा जन्म झाला, शेताच्या बांधावर. मला त्याचं ऐकताना रांग पुढं सरकू नये असं वाटायचं. आयुष्यात मी एकदाच रांगेत सुखी झाले.

आणि मग ती खिडकी. नोंदणी कचेरीतली, तिसरी. आत एक जाडा माणूस चिपा खात बसलेला, अर्जावर कडेनं मक्याच्या पावाचा चुरा. "दुसरं आडनाव?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नाही. त्यांच्याकडं एकच असतं." "असं कसं एकच? आई नव्हती का याला?" मागची माणसं हसली. नेजातला कळलं नाही, पण आपल्यावर हसतायत एवढं कळलं, आणि तोही त्यांच्याबरोबर हसला. त्याचं ते हसणं मला बघवेना. जाडा म्हणाला, "बाई, रकाना रिकामा सोडला तर अर्ज परत. पुढच्या महिन्यात या." पुढच्या महिन्यात शिक्क्याची मुदत पुन्हा संपणार होती. "लवकर सांगा हो, दुसरं आडनाव?" आणि मी म्हटलं, "ओकाम्पोस." विचार नाही, काही नाही. आपल्या घराचा पत्ता विचारल्यावर तोंडून निघतो तसं निघालं. त्यानं लिहिलं, शिक्का मारला, चिपाचा चुरा फुंकला. बाहेर आल्यावर नेजातनं विचारलं, "काय म्हणत होता?" "काही नाही," मी म्हटलं, "झालं काम." 

तोपर्यंत मी काय केलंय ते मला कळलं नव्हतं. कळलं ते रविवारी. माझी थोरली बहीण ब्लासिदा जेवायला आली होती. आई होती तेव्हा. ब्लासिदानं टेबलावरची दस्ताची प्रत उचलली. तिला सगळं वाचायची खोड, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा. एकदम खो खो हसत सुटली. "आई गं, हिनं काय केलंय बघ! सारिकाया ओकाम्पोस! आधी बापाचं, मग आईचं. अगं भवाने, लग्नाच्या आधीच पोर नोंदवून आलीस की!" आई म्हणाली, "गप गं." पण तीही हसायला लागली, तोंडाला पदर लावल्यासारखा ॲप्रन लावून. मीही हसले. मग भांडी घासायला उठले आणि नळ सोडून रडले. दुःखानं नाही, खोटं कशाला बोलू. मला इतका आनंद झाला होता की तो कुठं ठेवावा ते समजेना.

त्याला मी सांगितलं, चूक झालीय, दुरुस्ती करता येईल, नवा दस्त करावा लागेल. म्हणाला, "असू दे. दोन आडनावं असली की मी इथला वाटतो." मग बँकेनं सांगितलं, सही दस्ताप्रमाणे पाहिजे. याच टेबलावर बसून मी त्याला सही शिकवली. सारिकायाच्या पुढं एक मोठा ओ, आणि त्याच्या शेपटीनं खालून सगळ्या नावाला वेढा. त्याचा ओ पहिल्यांदा अंड्यासारखा यायचा. मी त्याचा हात धरून गिरवून घेतलं. पन्नास वेळा. पन्नासाव्या वेळी ओ चांगला आला होता, पण आम्ही दोघांनीही हात सोडला नाही.

भट्टी त्यानं सान एस्तानिस्लाओच्या पुढं लावली, लाल मातीच्या रस्त्यावर. तांब्याचा हंडा, खाली लाकडं, वर पानं दाबून भरायची. महिन्यातले तीन आठवडे तो तिकडं, एक आठवडा माझ्याकडं. आला की अंगाला तो वास. कडू, हिरवा, थोडासा साबणासारखा. माझ्या उशीला, टॉवेलला, पावालासुद्धा तो लागायचा. लग्नाचं बोलणं काढलं की म्हणायचा, भट्टी एकदा नीट चालू दे. आणि मी मूर्ख, मला वाटायचं कागदावर तर आपण झालोच आहोत, घाई कसली. दीड वर्षानं मला दिवस गेले. चाळिशीला आलेली बाई. डॉक्टरीण म्हणाली सांभाळा. मी तर जिनासुद्धा कठडा धरून चढायची. मनातल्या मनात नाव ठरवलं, कुणाला सांगितलं नाही. मुलगी झाली तर, तिच्या बापाची आई गुलाब खुडायची म्हणून, रोसाल्बा, म्हणजे पांढरा गुलाब. रोसाल्बा सारिकाया ओकाम्पोस. हे मी कचेरीत कोऱ्या कागदावर टाइप करून बघायची आणि फाडून टाकायची. फाडताना बरं वाटायचं, कारण खरा कागद पुढं यायचाच होता.

सहाव्या महिन्यात, ऑक्टोबरात, पाऊस तीन दिवस हटला नाही. असा पाऊस लागला की आमच्याकडं मातीच्या रस्त्यांवर आडवे बांबू लावून वाट बंद करतात, चाकांनी रस्ता फुटू नये म्हणून. मग बैलगाडीसुद्धा पलीकडं जात नाही. तो बांबूच्या पलीकडं आणि मी दवाखान्यात. ब्लासिदा होती. जे व्हायचं ते सकाळी साडेनऊला झालं. सिस्टर वही घेऊन आली, तिला रकाना भरायचा होता. मी म्हटलं, "सारिकाया ओकाम्पोस." ती म्हणाली, "वडील सहीला आहेत का?" नव्हते. "मग बापाचं लिहिता येत नाही, बाई. आणि तसंही, श्वास घेतला नसेल तर नाव लिहीतच नाहीत." ब्लासिदानं तिच्या अंगावर ओरडायला सुरुवात केली. मी म्हटलं, राहू दे. अशा वह्या मीच रोज भरते, मला नियम माहीत होते. रकाना तिनं आडवी रेघ मारून बंद केला. चौथ्या दिवशी तो आला. गुडघ्यापर्यंत लाल चिखल, आणि तो वास. मी तोंड भिंतीकडं केलं. तो पलंगाच्या कडेला बसला, माझ्या पायावरची चादर नीट केली, आणि म्हणाला, "आता विश्रांती घे." बास. मुलगा होता की मुलगी, एवढंसुद्धा विचारलं नाही त्यानं. मी वाट बघत राहिले. संध्याकाळपर्यंत, आठवडाभर, वर्षभर. त्यानं विचारलं असतं तर मी त्याला नाव सांगितलं असतं. न विचारणाऱ्याला काय सांगायचं?

भांडण असं कधी झालं नाही. तीन आठवड्यांचे चार झाले, चारांचे सहा. मग तो आला की हॉटेलात उतरायला लागला. ब्लासिदा म्हणायची, "जा, जाऊन त्याच्या तोंडावर विचार ना एकदा." मी म्हणायचे, "गरज काय पडलीय माझी?" हट्ट कुणाचा मोठा होता कोण जाणे. कंपनी मात्र वाढली. दर वर्षी तिचे कागद आमच्याच कचेरीतून व्हायचे, तो यायचा, सही करायचा, तो मोठा ओ आणि त्याची वेढा घालणारी शेपटी. मी शिक्का मारायची. वर्षातून एकदा ते नाव सबंध, सुवाच्य, माझ्यासमोर यायचं. तेवढ्यावर मी चौदा वर्षं काढली म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. पण काढली.

अकराला आला. छपन्न वर्षांचा, खांदे उतरलेले, हातात टोपी. "निमिया हानम," म्हणाला. हानम परत आलं होतं. "आई आजारी आहे. भाऊ वारला. गुलाबांकडं बघायला कुणी नाही. गुरुवारी निघतो." मी म्हटलं, "बसा. डोन्या एमिल्से वाचून दाखवतील." डोन्या एमिल्से आता सत्तरीच्या, चष्मा नाकावर, पण दस्त अजून खणखणीत वाचतात, सही करणाऱ्याच्या कानावर प्रत्येक शब्द पडलाच पाहिजे असा कायदा आहे. 'लिहिण्याच्या ओघात चुकून पडले असून.' तो खिडकीबाहेर बघत होता. 'त्या आडनावाच्या कोणाही व्यक्तीशी अर्जदाराचे कसलेही नाते नाही.' त्याची मान वळली. माझ्याकडं नाही, माझ्या हातांकडं त्यानं बघितलं. मजकूर मी लिहिला होता हे त्याला कळलं असणार. "मान्य?" डोन्या एमिल्सेंनी विचारलं. "मान्य," तो म्हणाला.

मग त्यानं पेन घेतलं आणि सही केली. सारिकाया, आणि पुढं, हात न थांबता, तो मोठा ओ, आणि त्याची शेपटी खालून फिरून नावाच्या सुरुवातीपर्यंत.

"अहो काय केलंत!" डोन्या एमिल्से कडाडल्या. "जे खोडायचं तेच परत लिहिलंत की! हे पान गेलं. निमिया, नवीन काढ." मी उठले नाही.  एक क्षण मला खरंच वाटलं की तो म्हणेल, राहू द्या, नको हा दस्त. तसं मी त्याच्याकडं बघितलं. तो पेन टेबलावर ठेवत होता, अगदी हळू. "माफ करा," म्हणाला, "हाताला सवय झाली."

नवं पान घेऊन मी माझ्या टेबलाशी बसले. डोन्या एमिल्से पाणी प्यायला आत गेल्या. तो माझ्यामागं येऊन उभा राहिला. मी टाइप करत होते, तेच सगळं, शब्दाला शब्द. वास आला तेव्हा मला कळलं तो किती जवळ उभा आहे. खालच्या आवाजात त्यानं विचारलं, "मुलगी होती ना?"

माझी बोटं 'कसलेही'वर होती. मी मागं न बघता म्हटलं, "कुणी सांगितलं?"

"सिस्टरनं. मी आलो त्याच दिवशी, तू झोपली होतीस तेव्हा. मी वाट बघत होतो तू कधी बोलशील म्हणून. मला वाटलं तुला माझं तोंडसुद्धा बघायचं नाही. तू भिंतीकडं तोंड केलं होतंस."

चौदा वर्षं. देवा रे, चौदा वर्षं! मला हसू आलं की काय झालं कुणास ठाऊक, घशातून काहीतरी निघालं. परलानं मान वर करून बघितलं. तो म्हणाला, "नाव ठेवलं होतंस तिचं?"

सांगायला हवं होतं. एवढ्या वर्षांत ते नाव मी मोठ्यानं कधी उच्चारलं नव्हतं, आणि ऐकण्याचा हक्क असलेला जगातला एकुलता एक माणूस माझ्या खांद्यामागं उभा होता. पण माझ्यासमोर अर्धं वाक्य होतं, आणि ते मला पुरं करायचं होतं. मी म्हटलं, "श्वास घेतला नसेल तर नाव लिहीत नाहीत." आणि टाइप केलं, 'नाते नाही.' पूर्णविराम दिला.

दुसऱ्या वेळी त्यानं नीट सही केली. सारिकायाच्या शेवटी पेन उचललं. खाली वेढा नाही, काही नाही; एकदम उघडीनागडी दिसली सही. डोन्या एमिल्सेंनी शिक्का मारला. टोपी घेऊन तो दारापर्यंत गेला, थांबला, पण वळला नाही. बाहेरच्या उन्हात कडू संत्र्याची रांग होती, तिच्याखालून चालत गेला. मी काचेतून बघितलं ते कोपऱ्यापर्यंतच.

दुपारची सुट्टी व्हायची वेळ आली तेव्हा डोन्या एमिल्से म्हणाल्या, "ते बिघडलेलं पान?" दस्ताची पानं नंबरी असतात, बिघडलं तरी फाडता येत नाही. आडवं 'चुकलं' लिहायचं, खाली सही करायची, आणि बाकीच्या पानांबरोबर तेही कायमचं बांधायचं. "तूच लिही बाई," त्या म्हणाल्या, "माझा हात आज दुखतोय." मी पान समोर घेतलं. तो मोठा ओ, शाई अजून चकचकीत. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, त्या नावावरून, मोठ्या अक्षरांत मी लिहिलं: चुकलं. आणि खाली, जन्माच्या नोंदीत जिथं आईनं सही करायची जागा असते तिथं, निमिया ओकाम्पोस अशी सही केली.